वसुलीवाली बाई

शाहूपुरीत माझं पार्लर होतं तेव्हाची ही गोष्ट. मोठ्या रस्त्यापासून जरा आत, तळमजल्यावर भाड्याचा गाळा होता. काचेच्या दारावर ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी, आत आरशासमोर दोन खुर्च्या, पडद्यामागे फेशियलची कॉट. माझे मिस्टर शिरोलीच्या एका कारखान्यात कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, तपासायचं काम करतात. घरी आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते.

कार्ड मी मागायला गेले नव्हते. बँकेचा एक टाय लावलेला माणूस पार्लरच्या पायरीपर्यंत आला आणि पाटी वाचून तिथंच थांबला. मी हात पुसत बाहेर गेले. तो म्हणाला, “मॅडम, तुम्हाला कार्ड मंजूर झालंय.”

“मी अर्ज कुठं केलाय?”

“अर्ज लागत नाही. तुमचा व्यवहार चांगला आहे, म्हणून बँकेनं स्वतः दिलंय.”

आता कुणाला हसू येईल, पण मला बरं वाटलं होतं. इतकी वर्षं मी लोकांच्या भुवया कोरत होते, पाय घासत होते, आणि कुठूनतरी कुणीतरी ते बघून मला पास केलंय, असं वाटलं. दोनतीन ठिकाणी सह्या केल्या. कार्ड आलं ते मी संध्याकाळी आत्यांना दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट केलं आणि विचारलं, “ह्यात पैसं कुठं हायत?”

“बँकेत आहेत.”

“आपलं?”

“नाही, त्यांचे. आपण वापरायचे आणि नंतर भरायचे.”

“मग ह्याला उधारीच म्हणायचं की,” त्या म्हणाल्या आणि कार्ड माझ्या हातात दिलं.

पहिलं वर्षभर काही अडचण आली नाही. क्रीम, वॅक्स, टॉवेल असं सामान कार्डावर घ्यायचं आणि महिन्याला भरून टाकायचं. मग आमच्या भागात केस काढायच्या लेझर मशिनांचं वेड आलं. माझ्या नेहमीच्या बायका मोठ्या पार्लरला जायला लागल्या. एक तर मला तोंडावर म्हणाली, “तुमच्याकडं लेझर नाही ना, नाहीतर मी कशाला दुसरीकडं गेले असते.” ते माझ्या मनाला लागलं. विक्रेता म्हणाला, कार्डावर हप्ते पडतील, सोपं आहे. मिस्टरांशी बोलले. त्यांनी कागदावर आकडेमोड केली आणि चालेल म्हणाले. मशीन आलं. पहिले काही महिने ते भरपूर चाललं.

त्या पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं. पाणी येणार हे आम्हाला सकाळपासून माहीत होतं. खुर्च्या, आरसे, सामानाचे डबे मिस्टरांनी आणि शेजारच्या दुकानवाल्यांनी वरच्या मजल्यावर नेऊन ठेवले. मशीन जड होतं, अरुंद जिन्यातून वळेना. शेवटी ते कॉटवर चढवलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं, आणि दार लावून आलो. एवढ्या उंचीला पाणी येईल असं वाटलं नव्हतं. ओसरल्यावर आत गेलो तर कॉट आडवी झाली होती आणि मशीन खाली गाळात. मेकॅनिक आला, झाकण उघडून बघितलं, परत लावलं. “वहिनी, हे आता सोडा,” म्हणाला.

मला तेवढी काळजी वाटली नव्हती, कारण कार्डाच्या बिलात दर महिन्याला ‘प्रोटेक्शन’ या नावानं काही रक्कम कापली जायची. मी धरून चालले होते की तो मशीनचा विमा आहे. कस्टमर केअरला फोन लावला. हे दाबा, ते दाबा करत शेवटी एक मुलगी मिळाली. आवाज अगदी गोड.

“मॅडम, ते कार्डासाठी आहे. कार्ड हरवलं, चोरीला गेलं, तर.”

“मशीनसाठी नाही?”

“नाही मॅडम. किंवा कार्डधारकाचा मृत्यू झाला, तर त्यात बेनिफिट आहे.”

“म्हणजे मी गेले तर?”

“येस मॅडम. आणखी काही मदत करू शकते का?”

मी फोन ठेवला. मशीन गेलं होतं, त्याचे हप्ते जिवंत होते, आणि मी मेले असते तर फायद्याचं झालं असतं. यात नक्की कुणावर चिडायचं ते मला कळेना. ती मुलगी तर समोरचं वाचून दाखवत होती.

पुढच्या काळात पार्लर कमी चाललं. पुरानंतर कुणाच्या हातात पैसा नव्हता. भुवया वाढल्या तरी बायका थांबायच्या. बिलावर दोन रकमा यायच्या, एक मोठी आणि तिच्याखाली एक छोटी. छोटीला ‘मिनिमम ड्यू’ म्हणतात. मी ती छोटी रक्कम न चुकता भरत राहिले. एकही महिना चुकवला नाही, त्यामुळे मी चोख आहे असंच मला वाटत होतं. एके दिवशी मिस्टरांनी जुनी आणि नवी बिलं शेजारी शेजारी ठेवली.

“अगं, तू भरतेस ना?”

“दर महिन्याला.”

“मग हे वाढलं कसं?”

आम्ही दोघं जमिनीवर बिलं पसरून बसलो. मिस्टरांचं काम असं, की केसाएवढा फरक असला तरी तुकडा बाजूला काढायचा. त्यांना आकड्यांची भीती नाही. पण त्या कागदांवर व्याज होतं, व्याजावर कर होता, मर्यादा ओलांडल्याचा दंड होता, दंडावर परत कर होता, आणि मध्येच कुठंतरी दोन रुपये जमा केलेले होते, ते कशाबद्दल ते लिहिलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. “मला लागत नाही हा हिशेब,” म्हणाले. त्यांच्या तोंडून असं वाक्य मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं.

त्यात आमच्याकडून आणखी एक गोष्ट झाली. दुसऱ्या एका बँकेतून फोन आला, की जुन्या कार्डाची रक्कम आमच्या कार्डावर घ्या, व्याज कमी पडेल. ऐकायला शहाणपणाचं वाटत होतं. आम्ही घेतलं. सवलतीचे महिने संपल्यावर त्याचंही व्याज तेवढंच झालं, आणि पहिल्या कार्डावर काही रक्कम शिल्लक राहिलीच होती. आता दोन्हीकडून बिलं यायला लागली. मिनिमम भरणंही जमेना, एक महिना चुकला, मग दुसरा, आणि फोन सुरू झाले.

फोनवर रोज नवा आवाज. कुणी हिंदीत, कुणी मुंबईच्या मराठीत. प्रत्येकजण वेगळा आकडा सांगायचा. एक म्हणाला आजच्या आज अमुक भरा, केस बंद होईल. दुपारी दुसऱ्यानं त्याच्या दीडपट सांगितलं. मी म्हटलं, “सकाळी तुमचेच साहेब कमी म्हणाले होते.” तो म्हणाला, “कौन साहब? नाम बताइये.” नाव मला कुणीच सांगितलं नव्हतं. शाखेत गेले तर काउंटरवरची बाई म्हणाली, “कार्डाचं आमच्याकडं काही नसतं, ते डिपार्टमेंट वेगळं.” वेगळं म्हणजे कुठं, विचारलं. तिनं एक ईमेलचा पत्ता लिहून दिला. त्या पत्त्यावर लिहिलं की लगेच उत्तर यायचं, आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. त्यापुढं काही यायचं नाही.

त्यांनी आत्यांचा नंबरही शोधून काढला. अर्जात दुसरा संपर्क म्हणून मीच दिला असणार, आठवत नाही. एकदा मी घरी होते तेव्हा आत्यांच्या फोनवर वसुलीवाल्याचा फोन आला. आत्यांनी स्पीकर लावला होता, त्यांना तसं ऐकू येतं.

“आपकी बहू पैसा नहीं भर रही है,” पलीकडून आवाज आला.

“कोण बोलतंय?” आत्या ओरडल्या. “पावणं, गाव कुठलं तुमचं?”

“माताजी, मैं बैंक से…”

“व्हय, पर गाव कुठलं? आईबा हायत न्हवं?”

 मग त्यानं कुठलंसं गाव सांगितलं, उत्तरेकडचं. आत्यांनी पिकापाण्याची चौकशी केली, त्याला निम्मं कळलं असेल. शेवटी म्हणाल्या, “बुडवायची न्हाय ती. जरा दमानं घ्या.” फोन ठेवल्यावर त्यांनी उठून दाराला आतून कडी घातली. त्या घाबरल्या होत्या हे मला तेव्हा कळलं. फोनवर अजिबात कळत नव्हतं.

आणि मग ती आली.

दुपारची वेळ होती, पार्लर रिकामं. तिशीच्या आतली मुलगी, साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला काळी बॅग. पाटी वाचून सरळ आत आली. “आयब्रो करायचेत,” म्हणाली.

मी तिला बसवलं, कपाळाला पावडर लावली. भुवया करताना दोऱ्याचं एक टोक माझ्या दातात असतं, त्यामुळे मला बोलता येत नाही, आणि गिऱ्हाईक दोन्ही हातांनी पापणी ताणून डोळे मिटून असतं. ती गप्प बसली होती. डाव्या भुवईला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळ्यांनाच येतं. मी आरसा दिला. तिनं बघितलं, छान झालेत म्हणाली, पैसे स्कॅन करून दिले. पैसे आल्याचा आवाज माझ्या फोनमध्ये वाजला.

मग ती म्हणाली, “मॅडम, मी कार्डाच्या रिकव्हरीकडून आलेय. तुमच्या दोन्ही फाइल माझ्याकडं आहेत.”

 मी तिच्या हातात टिश्यू दिला, कपाळाची पावडर पुसायला.

“आधी का नाही सांगितलं?”

“आधी सांगितलं असतं तर तुम्ही दार लावलं असतं. याआधी आमच्या ऑफिसचे दोघं येऊन गेले, पायरीवरनंच परत गेले.” मग आरशात परत एकदा बघून म्हणाली, “आणि आयब्रो मला करायचेच होते.”

तिनं बॅगेतून कागद काढले आणि पाठ केल्यासारखं बोलायला लागली. थकबाकी इतकी, मुदत इतकी, कायदेशीर कारवाई, बँकांकडची नोंद खराब. मी म्हटलं, “तुमच्याच लोकांनी मला तीन आकडे सांगितलेत. त्यातला खरा कुठला ते तुम्ही सांगा, मग मी पुढचं ऐकते.” तिनं कागद बघितला, फोनमध्ये काहीतरी उघडून बघितलं, परत कागद बघितला. तिच्या फोनमधला आकडा आणि कागदावरचा आकडा वेगळा होता.

“हे बघा,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. “मी सांगतो तुम्हाला. मला पण ह्यातलं सगळं कळत न्हाय.”

आमच्याकडच्या बायका ‘मी सांगतो, मी जातो’ असंच बोलतात. त्या ‘सांगतो’वरून मला कळलं की ही इथलीच. विचारलं, तर मलकापूरची निघाली. इथं भाड्याच्या खोलीत दोघी मैत्रिणी मिळून राहायच्या.

त्यानंतर ती अधूनमधून यायची. कधी वसुलीचं बोलायला, कधी खरंच गिऱ्हाईक म्हणून, आणि पुष्कळदा दोन्ही एकदमच. मी तिच्याकडून पैसे घ्यायचे आणि तिला पैसे द्यायचे नाहीत, असं ते चाललं होतं. तिच्याशी कसं वागायचं, हे मला एकदाही नीट कळलं नाही. ती दारात दिसली की नको वाटायचं, आणि काही दिवस दिसली नाही की वाटायचं, आता दुसरा कुणी येईल. एकदा दुसरी गिऱ्हाईकं बसली होती तेव्हा आली. मला वाटलं, आता ही बोलणार. ती मासिक चाळत कोपऱ्यात बसून राहिली, बायका जाईपर्यंत.

एकदा ती म्हणाली, “ताई, एक करा. सेटलमेंट मागा. एकरकमी दिले तर दंड आणि व्याजातलं बरंच सोडतात. पण बँकेचं लेटर आल्याशिवाय एक पैसा भरू नका. मी म्हटलं तरी नाही.”

घरी यावर मोठी चर्चा झाली. मिस्टरांना ते पटलं नाही. ते म्हणाले, “घेतलेले पैसे पुरते द्यायला पाहिजेत. अर्धं दिलं म्हणजे फिटलं कसं?” मी म्हटलं, घेतलेले कधीच देऊन झालेत, आता देतोय ते त्यांनी वर लावलेले. ते म्हणाले, तेही सहीनंच लावलेत. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून भांडण संपेना. आत्या भाजी निवडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “पुरात गेलेल्या मशीनचं किती दिस सुतक पाळायचं? त्ये सोडत्यात तर घ्या की.”

पण एकरकमी द्यायला तरी कुठून आणायचे? शेवटी मीच म्हटलं, गाळा सोडूया. गाळ्याचं डिपॉझिट बऱ्यापैकी मोठं होतं. पार्लर घरी, पुढच्या खोलीत आणायचं. ती खोली आत्यांची. मला ते तोंडानं सांगवेना. दोन दिवसांनी बघितलं तर त्यांनी स्वतःच आपली ट्रंक आतल्या खोलीत ओढत नेली होती. विचारलं तर म्हणाल्या, “आत वारा चांगला येतो.” आतल्या खोलीला खिडकी अगदी एवढीशी आहे.

मालकानं थोडी कुरकुर करून डिपॉझिट दिलं. पहिल्या कार्डाची उरलेली रक्कम मिस्टरांच्या म्हणण्याप्रमाणे पूर्ण भरली. दुसऱ्याचं सेटलमेंटचं पत्र ईमेलवर आलं, त्यात रक्कम आणि तारीख होती. तारखेच्या आधी भरले. तिला फोन करून सांगितलं. “झालं ताई,” ती म्हणाली, “आता महिन्याभरात एनओसी येईल. म्हणजे तुमच्याकडं काही बाकी नाही, असं बँकेचं पत्र.”

महिना गेला, पत्र आलं नाही. त्याऐवजी एक नवाच फोन आला. कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीचा. म्हणे, तुमचं कर्ज बँकेनं आम्हाला विकलंय, आता पैसे आम्हाला द्या. मी म्हटलं, मी तर भरलेत. तो म्हणाला, आमच्या रेकॉर्डला नाहीत. कर्ज विकता येतं हेच मला माहीत नव्हतं. माझं कर्ज कुणीतरी विकत घेतलंय, म्हणजे त्यानं नेमकं काय घेतलं, हे मी मिस्टरांना विचारलं. त्यांनी भरल्याच्या पावत्या काढून परत एकदा तारखा जुळवल्या.

मी तिला फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशी बंद. आठवडाभर बंद. तिच्या ऑफिसचा पत्ता तिनं एकदा सांगितला होता, लक्ष्मीपुरीत, एका दुकानाच्या वर. गेले. तिथं इंग्रजी बोलायला शिकवणारे क्लास चालले होते. शिकवणारा म्हणाला, ते लोक खोली सोडून गेले, कुठं ते माहीत नाही.

जिना उतरताना मनात यायला लागलं. ते सेटलमेंटचं पत्र खोटं असेल तर? पैसे भलतीकडंच गेले असतील तर? इतके महिने ती माझ्यासमोर डोळे मिटून बसायची, ते सगळं यासाठीच असेल तर? आणि लगेच आठवायचं, तीच म्हणाली होती, मी म्हटलं तरी भरू नका. मग वाटायचं, विश्वास बसावा म्हणूनच तसं म्हणाली असेल.  घरी येऊन मी मिस्टरांना एवढंच सांगितलं, “ती नाहीये तिथं.”

 दुसऱ्या दिवशी मिस्टरांनी रजा टाकली. मला म्हणाले, “डबा भर. दोघांचा.” आम्ही दुसऱ्या कार्डाच्या बँकेच्या शाखेत गेलो. काउंटरवर तेच उत्तर मिळालं, कार्डाचं आमच्याकडं नसतं. मिस्टर म्हणाले, “बरं,” आणि समोरच्या खुर्चीवर बसले. मी शेजारी बसले. तास गेला, दोन गेले. शिपाई येऊन विचारून गेला, कुणाला भेटायचंय. मिस्टर म्हणाले, “ज्याला आमचा आकडा माहीत आहे त्याला.”

जेवायची वेळ झाली तेव्हा त्यांनी मांडीवर डबा उघडला. बँकेत भाकरी आणि वांग्याच्या भाजीचा वास पसरला. लोक बघायला लागले. मला लाज वाटत होती, मी लोकांकडं पाठ करून बसले. ते मात्र शांतपणे जेवत होते. आतून मॅनेजर बाहेर आले.

“अहो, इथं जेवताय काय?”

“घरी गेलो तर परत नंबर लावावा लागंल साहेब,” मिस्टर म्हणाले. “मला भांडायचं न्हाय. मी पैसे भरलेत का न्हाय, एवढं एकदा कुणीतरी माणसानं मला तोंडानं सांगा. फोनमधल्या बाईनं नको.”

मॅनेजर थोडे ओशाळले. आम्हाला आत बोलावलं, पत्र बघितलं. त्यांनी तीन ठिकाणी फोन लावला. प्रत्येक ठिकाणी त्यांनाही हे दाबा, ते दाबा ऐकावं लागलं. बँकेच्या मॅनेजरालाही तेच गाणं ऐकवतात हे मला नवीन होतं. शेवटी कुणीतरी भेटलं. मॅनेजर ऐकत होते, हं हं करत होते, मग कागदावर एक शून्य काढून त्यांनी तो कागद आमच्याकडं वळवला. पैसे ज्या दिवशी भरले त्याच दिवशी जमा झाले होते. विकायच्या कर्जांच्या यादीतून नाव काढायचं राहून गेलं होतं. “सिस्टीमला अपडेट झालं नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे चूक कुणाची?” मी विचारलं.

“तसं कुणाचीच नाही म्हणता येणार,” मॅनेजर म्हणाले, आणि मला वाटतं ते खरंच तसं मानत होते. थोड्या दिवसांनी एनओसी आलं, शिक्क्यासकट. त्या तिसऱ्या कंपनीला पाठवल्यावर त्यांचे फोन थांबले.

सुटलो म्हणून मी उड्या मारल्या नाहीत. काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. बँकांकडच्या माझ्या नोंदीत अजून ‘सेटल्ड’ असा शब्द दिसतो, आणि मिस्टर म्हणतात तो चांगला शब्द नाही, त्याचा अर्थ पुरतं फेडलं नाही असा होतो. आत्या म्हणतात, मिटलं म्हणजे मिटलं. पार्लर घरातच आहे. शाहूपुरीतल्या काही बायका सुटल्या, गल्लीतल्या काही नव्या जोडल्या. आत्या दारात बसून येणाऱ्या प्रत्येकीला माहेर विचारतात.

गेल्या दिवाळीआधी आत्यांना लुगडं घ्यायला महाद्वार रोडला गेलो होतो. दुकानात गादीवर बसलो आणि समोर लुगडी उलगडायला जी मुलगी आली ती तीच. थोडी वाळली होती. तिनं मला ओळखलं, मी तिला. आत्या पदर बघण्यात गुंतल्या होत्या.

“आलं का पत्र?” तिनं हळूच विचारलं.

“आलं. उशिरा, पण आलं. तुझा फोन लागत नव्हता.”

“तो फोन त्यांचा होता. काम सोडल्यावर घेतला काढून.”

मी का सोडलं म्हणून विचारलं. ती घड्या मोडत बोलत होती, माझ्याकडं न बघता. “एका घरी वसुलीला गेलतो. आजी होत्या घरात. त्यांनी बसायला पाट दिला, चहा दिला. पोरगा कुठं हाय विचारलं, तर म्हणाल्या, जाऊन महिना झाला. त्यांना वाटलं मी भेटायला आलोय, दुखवट्याला. मी पण काही बोललो न्हाय. चहा पिऊन आलो, ते परत गेलोच न्हाय.”

मला तिला सांगायचं होतं की मी लक्ष्मीपुरीचा जिना चढून आले होते, आणि उतरताना तिच्याबद्दल काय काय मनात आलं होतं. पण ते कसं सांगायचं? विचारायचंही होतं, की मला सेटलमेंट सुचवलीस ती माझ्याबद्दल वाटलं म्हणून, की तुलाही त्यात टक्केवारी होती. टक्केवारी असली तरी माझं काही बिघडलं नव्हतं. तरी विचारायचं होतं. विचारलं नाही.

आत्यांनी मान वर केली. आधी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. “वळखीची व्हय गं?”

“पार्लरला यायची,” मी म्हटलं.

“मग भाव कमी करशील की,” आत्या तिला म्हणाल्या. ती हसली, मालकाकडं बघून थोडे कमी केले. आत्यांनी निळं घेतलं. ती पिशवी द्यायला दारापर्यंत आली आणि म्हणाली, “या परत, ताई.” मी येते म्हटलं. ते मी दुकानाला म्हटलं की तिला, हे घरी जाताना रिक्षा रंकाळ्याकडं वळली तरी माझं मला कळलं नव्हतं. आत्या पिशवीत हात घालून कापड चाचपत होत्या आणि विचारत होत्या, ह्याचा रंग जाईल का.